सोनेरी अक्षरं

"पांढऱ्या शेवंतीचं मोठं पुष्पचक्र करून ठेवा, ताई. रिबिनीवर लिहा, 'प्रिय आईस अखेरचा निरोप'."

फुलवालीनं हातातली कात्री खाली ठेवली. "कधी गेल्या आई?"

"अजून आहे. डॉक्टर उद्यापरवाचं म्हणालेत. ऐनवेळी धावपळ नको."

फुलवालीला शिसारीच आली. पण अशा वेळी माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, अशी मनाची समजूत घालत तिनं चक्र बांधलं आणि सोनेरी अक्षरांची रिबीन लावली.

तिसऱ्या दिवशी तो तोंड पाडून आला. गेली बिचारी, असं तिला वाटलं.

"आई शुद्धीवर आली. उद्या घरी सोडतायत."

"अहो, मग चांगलंच झालं की."

"हो." त्यानं चक्रावरचं एक फूल दाबून पाहिलं. "ताजी आहेत अजून. यांचाच गुच्छ बांधून द्या. वर कार्ड लावा, 'लवकर बरी हो'."

फुलवाली चक्र सोडवू लागली. रिबीन काढून ती केराच्या टोपलीत टाकणार, तोच त्यानं हात मध्ये घातला.

"ती नका टाकू, ताई. अक्षरं खराब होणार नाहीत अशी नीट गुंडाळून द्या."