वाळायला लागणारा वेळ

सामान गाडीत भरून झालं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. सूनबाई किल्ली घेऊन पायऱ्या उतरली आणि थबकली. सासरे गाडीपुढे उकिडवे बसले होते. शेजारी पाण्याची बादली, मांडीवर पॉलिश पेपरचे तुकडे. पुढच्या दोन्ही दिव्यांभोवती कागदी टेपसुद्धा चिकटवून झाली होती.

"हे काय बाबा? मी निघाले ना."

"निघशील गं. पण हे दिवे बघितलेस का? दिवे कसले, जुन्या बरणीचे तळ झालेत."

"मी चारपर्यंत पोचते. दिवे लावायची वेळच येणार नाही."

"आणि आली तर?"

चाळीस वर्षं गाड्या रंगवलेल्या माणसाशी गाडीवरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिने पर्स पायरीवर ठेवली.

गाडी त्यांच्या मुलाची, तिच्या नवऱ्याची होती. त्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरात ही दोघंच, आणि आजपासून एकच. दुसऱ्या शहरातल्या नोकरीचा अर्ज सासऱ्यांनीच तिला भरायला लावला होता. "माझ्या तोंडाकडे बघत किती दिवस काढणार आहेस?" असं म्हणाले होते, आणि पत्र आलं त्या दिवशी गल्लीभर सांगून आले होते. परवा तिला हजर व्हायचं होतं. आता थांब म्हणायला तोंड कुठून आणायचं?

"पाणी सोड," ते म्हणाले.

ती मगाने पाणी सोडत राहिली, ते घासत राहिले. आडवा हात, मग उभा, मग पुन्हा आडवा. काचेवरून पिवळट दुधासारखं पाणी ओघळत होतं. कागदाचा आवाज झोपेतल्या श्वासासारखा एका लयीत येत होता. ऐकता ऐकता सासऱ्यांना वाटलं, आत्ता दार वाजेल, मुलगा बाहेर येऊन विचारेल, किल्ली कुठे ठेवलीत? त्यांनी मान वर केली नाही. वर केली असती तर दार बंद दिसलं असतं.

"बाबा, हे तर आणखीनच बिघडलं," सून म्हणाली. दोन्ही दिवे पांढरेधोप झाले होते. आतलं काहीच दिसत नव्हतं.

"होतं तसं. आधी सगळं सारखं धूसर करावं लागतं. मधेच हात आखडला की डाग राहतात."

त्यांनी दुसरा कागद घेतला, मग त्याहून मऊ तिसरा. हात हलका होत गेला. शेवटी पॉलिश लावून फडक्याने पुसलं, आणि काच आहे की नाही असं वाटावं इतकी ती स्वच्छ झाली. सून गुडघ्यांवर बसून आत बघू लागली. आतल्या चंदेरी वाटीत आकाश, तिचा चेहरा आणि सासऱ्यांचं टक्कल, सगळं उलटंपालटं होऊन तरंगत होतं.

"केवढं खोल आहे हो आत," ती हळूच म्हणाली.

"आता यावर क्लिअरचा पातळ थर. नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा पिवळे." त्यांनी छोट्या बाटलीतलं द्रावण फडक्यावर घेतलं आणि एका दमात, हात न उचलता काचेवरून फिरवलं. दुसऱ्या दिव्यालाही तसंच.

"किती वेळ लागेल वाळायला?"

"तीन तास," ते म्हणाले. "तीन तरी लागतीलच."

सुनेने बाटली उचलली. मागच्या बारीक अक्षरांवरून तिची नजर सावकाश खाली गेली. सासरे बादलीतलं पाणी झाडाला घालायला उठले. ती अक्षरं त्यांना चष्म्याशिवाय दिसली नसती, पण वाचायची गरज नव्हती. अर्धा तास. असं ऊन असलं तर वीसच मिनिटं.

सुनेने बाटली खाली ठेवली. "मग थांबायलाच हवं," ती म्हणाली.

दोघं पायरीवर बसली. सकाळचं उरलेलं तिथेच बसून खाल्लं. झाडाची सावली बॉनेटवरून सरकत सरकत फाटकापाशी गेली. भिंतीला टेकल्या टेकल्या सुनेचा डोळा लागला. दीड वर्षात तिला दुपारचं झोपलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. ते जवळ बसून राहिले. एक पान उडत दिव्याकडे निघालं तसं उठून त्यांनी ते अलगद धरलं. दिवा केव्हाच वाळला होता.

साडेचार झाले. त्यांना स्वतःचीच लाज वाटू लागली.

"ऊठ बेटा," ते म्हणाले. "वाळलं. नीघ आता, तासा-दोन तासांत अंधार पडेल."

सून उठली. पर्स खांद्याला लावून गाडीपुढे गेली, वाकली, आणि काचेवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या काचेवरून. बराच वेळ ती बोटाकडे बघत राहिली.

"नाही बाबा, अजून चिकटतंय," ती म्हणाली. "उद्या सकाळी बघू."

सासऱ्यांनी खात्री करायला हात पुढे केला, आणि काचेला न लावताच मागे घेतला.