तात्पुरता क्रमांक

"मंगळवारचा मेल दाखवा, सिस्टर," चौकशी अधिकारी म्हणाले.

नर्सने वही पुढे केली. पाड्यावर रेंज नव्हती. विहिरीचं पाणी बिघडलंय, औषधं पाठवा, असा मेल तिने मंगळवारी पाठवला, तो फोनमध्येच अडकला. त्याखाली उमटलेला क्रमांक तिने सवयीने वहीत उतरवला होता. शुक्रवारी एक अत्यवस्थ मूल घेऊन ती तालुक्याला निघाली, तेव्हा वाटेत रेंज आली आणि मेल गेला. तोवर तीन मुलं दगावली होती.

सोबतच्या संगणकवाल्याने वही पाहिली. "हा फोनने दिलेला तात्पुरता क्रमांक आहे. मेल पोहोचला की सर्व्हर नवा देतो आणि हा पुसतो. तारीखही शुक्रवारचीच पडते."

"मग माझा मंगळवार कुठे गेला, साहेब?"

"रेकॉर्डला नाही, एवढंच मी म्हणतोय," अधिकारी म्हणाले. " आजच्या तारखेत खुलासा मेल करा, नाहीतर निलंबन होईल."

जीप गेली. आत उपकेंद्रात दोघांना सलाइन चालू होतं, त्यांना सोडून तिला रेंजपर्यंत जाता येत नव्हतं. तिने खुलासा लिहिला आणि पाठवला. खाली एक क्रमांक उमटला. तिने तो वहीत उतरवला.