टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत

क्लेटनने सकाळी रस्त्याकडेला नेऊन ठेवलेलं गवत कापायचं यंत्र व्हर्नाने ओढत परत अंगणात आणलं. बर्फ पडायच्या आधी भंगाराची गाडी एकदा गावातून फिरते. ती वरच्या वळणापर्यंत आल्याचा आवाज येत होता.

"अगं, परत कशाला आणलंस ते?" क्लेटन शेडच्या दारातून म्हणाला. "गाडी आलीच."

"येऊ दे. तशीच जाईल."

"तुला ते डोळ्यांसमोर नको, म्हणून मी..."

"नको असं मी कधी म्हटलं?"

ती तसं कधीच म्हणाली नव्हती. जूनमध्ये ती हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा त्याने यंत्रावर ताडपत्री टाकून ठेवली होती. पुढे दोघांपैकी कोणी त्याचा विषयही काढला नाही. उन्हाळाभर शेजारचा लॉर्न येऊन त्यांचं गवत कापून जायचा. तो कापत असला की क्लेटन घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घ्यायचा.

व्हर्नाने हातमोजे चढवले. उजव्या मोज्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तिने कापून शिवून टाकलं होतं. रिकामी बोटं सारखी कशाततरी अडकायची.

यंत्राच्या दांडीला एक लोखंडी पट्टी होती. ती दाबून धरली तरच इंजिन चालायचं, सोडली की बंद पडायचं. ती तारेने दांडीशी करकचून आवळलेली होती. सारखी दाबून हात भरून येतो, म्हणून. व्हर्नाने पक्कड घेतली, तार तोडली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

क्लेटन डब्याकडे बघत राहिला. "ती तार मी बांधली होती," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"ती नसती तर तू दांडीवरून हात काढल्याबरोबर इंजिन..."

"दोन उन्हाळे मीही तसंच चालवलं ना? मलाही बरंच वाटत होतं ते." तिने टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं. तळाला थोडं पेट्रोल उरलं होतं. "हे संपवायला हवं. आत राहिलं तर हिवाळ्यात त्याचा चिकटा होतो. मग वसंतात बसा दोरी ओढत."

"म्हणजे चालू करावं लागणार."

"हो."

"मी करतो. तू आत जा."

"तू तिथेच उभा राहा."

डाव्या हाताने पट्टी दाबून तिने उजव्या हाताने दोरी ओढली. तीन बोटांतून दोरीची मूठ निसटली. तिने ती तळव्यात खोल धरून पुन्हा ओढली. इंजिन नुसतं खोकलं. पुढच्या खेपेला मात्र एकदम धडधडायला लागलं. त्या आवाजासरशी, जी बोटं नव्हतीच ती मुळापासून पेटली. तिने दात आवळले, हात बदलला आणि पट्टीवर मुद्दाम उजवा पंजा ठेवला.

क्लेटन पुढे आला. तिने मान हलवली. तो थांबला.

भंगाराची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने खिडकीतून यंत्राकडे बोट दाखवून खुणेने विचारलं, न्यायचं का? क्लेटनने बायकोकडे पाहिलं. तिने पट्टी घट्ट दाबून धरली होती. त्याने ड्रायव्हरला हात केला, पुढे जा म्हणून.

पेट्रोल संपत आलं तसं इंजिनाला धाप लागली. ते एकदोनदा उसळलं, अडखळलं आणि बंद पडलं. अंगणात एकदम शांत झालं. व्हर्नाने पंजा सोडवला. तो लगेच उघडेना. तिने दुसऱ्या हाताने एकेक बोट सरळ केलं.

मग ती खाली बसली आणि इंजिन चुकूनही चालू होऊ नये म्हणून तिने स्पार्क प्लगची वायर उपसून बाजूला केली. "बघ. निघालीय ना?"

तो वाकला. वायरला हात लावून म्हणाला, "निघालीय."

"दोनदा बघ."

त्याने दोनदा बघितलं.

"आता धर. कार्बोरेटर वरच्या बाजूला राहू दे, नाहीतर ऑइल गळेल."

त्याने यंत्र आडवं करून दोन्ही हातांनी धरलं. खाली पत्र्याला जूनमधलं गवत तसंच थापलेलं होतं, वाळून काळं पडलेलं. त्या दिवशी तेच तुंबलं होतं, आणि ते काढायलाच तिने हात आत घातला होता. क्लेटनने मान फिरवली.

"इकडे बघ," ती म्हणाली. "तू बघितलं नाहीस तर मला जमणार नाही."

त्याने बघितलं. व्हर्नाने उजवा हात आत घातला आणि खुरप्याने गवत खरवडायला सुरुवात केली. खपल्या निघून तिच्या मांडीवर पडत होत्या. पत्रा साफ झाल्यावर तिने पात्याच्या मागे लाकडाचा ठोकळा अडकवला, पान्यावर सगळा भार टाकला. बोल्ट करकरत सुटला. पातं काढून तिने ते फडक्यात धरलं आणि त्याच्यापुढे केलं.

"धार लाव याला."

तो ते घेईना. "या वर्षी राहू दे की बोथटच."

"बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, फाटतं. शेंडे पिवळे पडतात. उन्हाळाभर लॉर्नने केलेलं बघितलंस ना?"

क्लेटनने पातं घेतलं. शेडमधल्या बाकावरच्या व्हाइसमध्ये ते आवळून त्याने कानस उचलली, पण हात चालेना.

"किती लावू?" त्याने विचारलं.

व्हर्ना जुनं ऑइल काढायला यंत्राखाली पसरट भांडं सरकवत होती. तिने वर पाहिलं नाही.

"गवत कापेल इतकी," ती म्हणाली.