पानाखालचं नाव

कंपनीच्या पंपांच्या माहितीपुस्तिका वेबसाइटवर चढवणारी कंटेनर इमेज, म्हणजे लागतील तेवढी साधनं बांधलेलं गाठोडंच, शलाकानं नव्यानं बांधली. जुन्या इमेजमध्ये प्लग-इनची, म्हणजे वरून जोडलेल्या छोट्या सोयींची, नुसती अडगळ साठली होती. नवीत तिनं शोधासाठी एक आणि आकृत्यांसाठी एक, अशी दोनच जोडली. पानाखाली लिहिणाऱ्याचं नाव दाखवणारं प्लग-इन तिनं वगळलं. पंप बसवणाऱ्याला त्या नावाशी काय देणंघेणं?

आठवड्याभरानं तांबवेकरांचा फोन आला. उभी हयात त्यांनी याच कंपनीच्या पुस्तिका लिहिण्यात घालवली होती आणि गेल्याच वर्षी ते निवृत्त झाले होते. "पानांवरून माझं नाव गेलंय," ते चाचरत म्हणाले. "लिहिण्यात काही चूक निघाली का? सांगा, मी घरी बसून दुरुस्त करून देतो."

खरं सांगायला शलाकाची जीभ रेटेना. "तांत्रिक अडचण होती, सर," एवढंच ती म्हणाली. वगळलेलं प्लग-इन जोडून इमेज पुन्हा बांधायला तिला समोरचा चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

नावं परतलेली पाहून तिनं उत्साहानं त्यांना फोन लावला.

"हो, पाहिलं मी," तांबवेकर म्हणाले. "छापील पुस्तिकेत कधी नाव आलं नव्हतं ना, म्हणून रोज संध्याकाळी हिला एखादं पान उघडून दाखवायचो. आता नाही दाखवत. पुन्हा गेलं, तर तिला काय सांगू?"