दोनशे तेरा रिकामी घरं

एकशे अठ्ठावन्न, दोन, तीन, चार. एकशे एकोणसाठ, दोन, तीन, चार.

मागे एकटेच बसलेले झांजवाले ओठ न हलवता मोजत होते. पुढे सत्तर माणसं जीव तोडून वाजवत होती. झांजवाल्यांच्या कागदावर मात्र एक जाड आडवी रेघ होती आणि तिच्यावर आकडा, २१३. म्हणजे चार-चार ठोक्यांची दोनशे तेरा घरं गप्प बसायचं आणि दोनशे चौदाव्या घरात, सगळं संगीत शिगेला पोचलं की, एक टोला द्यायचा. अख्ख्या सिंफनीत त्यांचं काम एवढंच. एका टोल्यासाठी कोटाला इस्त्री करावी लागते, असं बायको दर वर्षी ऐकवायची. पण तो एक टोला एक घर जरी आधी पडला, तर सत्तर जणांच्या मेहनतीवर पाणी. बासरी चुकली तर चार जाणकारांना कळतं. झांज चुकली की दारावरच्या तिकीटवाल्यालाही कळतं.

खरं सांगायचं तर एवढं लांब मोजणं त्यांना कधी धड जमलंच नव्हतं. ते दिवसा कवळ्या बनवायचे. आमच्या धंद्यात बत्तीसच्या पुढे मोजायची वेळच येत नाही, अशी थट्टा ते स्वतःच करायचे. दीडशेच्या पुढे कुठेतरी त्यांचा पाय घसरायचाच. तरीही एकोणीस वर्षं, एक खेप सोडली तर, टोला बरोबर पडत आला होता, आणि त्याचं गुपित बायकोलाही ठाऊक नव्हतं.

हंगामाचा पहिला कार्यक्रम याच सिंफनीने करायचा, ही त्यांच्या वाद्यवृंदाची जुनी रीत. व्हायोलाच्या, म्हणजे थोराड व्हायोलिनच्या, रांगेत शेवटच्या खुर्चीवर एक वयस्क बाई बसायच्या, झांजवाल्यांच्या अगदी पुढ्यात, तिरक्या. एका अवघड जागेनंतर व्हायोलांना क्षणभर विसावा असे. तेवढ्यात बाई घसरलेला चष्मा एका बोटाने वर सारायच्या. ते घर एकशे अठ्ठ्याण्णवावं. तिथून नेमकी सोळा घरं मोजली की टोला. सोळा कुणालाही मोजता येतात.

एकदाच, सात वर्षांपूर्वी, घोटाळा झाला होता. बाई नवा चष्मा घालून आल्या होत्या आणि तो नाकावर घट्ट बसला होता. झांज दोन घरं आधी वाजली. पुढच्या वर्षीपासून मात्र चष्मा पुन्हा घसरायला लागला आणि झांजवाल्यांनी मनातल्या मनात त्या चष्मेवाल्याला दुवा दिला. कार्यक्रम संपल्यावर व्हायोला पेटीत ठेवताना बाई म्हणायच्या, आज छान पडली हो झांज. ते नुसते हसायचे. शेजाऱ्याच्या पाटीवरून उत्तर उतरवलेल्या पोरासारखं त्यांना वाटायचं.

या उन्हाळ्यात बाई गेल्या. झांजवाले घरी भेटायला गेले, बाईंच्या मुलीसमोर तासभर बसले. निदान तिला तरी सांगावं असं फार वाटलं, पण जीभ रेटली नाही.

आता त्या खुर्चीवर एक नवी मुलगी होती. तालमींना ती कोऱ्या झेरॉक्सवरून वाजवायची, कारण बाईंचे कागद त्यांच्या घरीच राहिले होते. तालमीत झांज एकदा आधी वाजली, एकदा वाजलीच नाही. वाद्यवृंद चालवणाऱ्या संचालकांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "आज संध्याकाळी चुकलात, तर पुढच्या कार्यक्रमापासून झांज दुसऱ्या कुणाकडे देऊ." झांजवाल्यांनी मान हलवली. एकोणीस वर्षांत त्यांना आयुष्यात दुसरं काही हौसेचं उरलं नव्हतं.

एकशे एकाहत्तर, दोन, तीन, चार. चौथ्या रांगेत बायको बसली होती. तिच्याकडे लक्ष गेलं, आणि पुढचा आकडा बहात्तर की त्र्याहत्तर, तेच कळेना. मग त्यांनी अंदाजाने मोजायला सुरुवात केली, आणि अंदाज काय करतो ते त्यांना चांगलं माहीत होतं. सवयीने नजर शेवटच्या खुर्चीकडे गेली. तिथे चष्माच नव्हता. ते हताश होऊन उभे राहिले, झांजा उचलल्या.

व्हायोला थांबले. मुलीने गज मांडीवर टेकवला, उजवा हात उचलला आणि रिकाम्या नाकावर एक बोट खालून वर सारलं.

झांजवाले क्षणभर मोजायचंच विसरले. मग त्यांनी एकपासून सुरुवात केली. सोळा, दोन, तीन, चार. टोला पडला. सगळं सभागृह त्या एका आवाजाने उजळून निघालं, आणि संचालकांनी वाजवणं चालू असतानाच त्यांच्याकडे बघून मान डोलावली.

टाळ्या ओसरल्यावर ते थेट त्या मुलीकडे गेले. त्यांनी स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं.

"मलाही नीट कळलं नाही काका," ती म्हणाली. "आज दुपारी बाईंची मुलगी हे जुने कागद देऊन गेली. त्यात लिहिलंय तसं केलं."

तिने पान पुढे केलं. एकशे अठ्ठ्याण्णवाव्या घरावर पेन्सिलीने छोटा चष्मा काढलेला होता, वर्षानुवर्षं गिरवून काळा झालेला. बाजूला तारीख होती, सात वर्षांपूर्वीची. आणि खाली, अगदी अलीकडच्या, थरथरत्या अक्षरात दोन ओळी:

'माझ्यानंतर जो कुणी इथे बसेल त्याने या जागी चष्मा वर सारावा. चष्मा नसेल तर नुसता हात न्यावा, मागे झांजवाले वाट बघत असतात.'