लेव्हल

फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीचा डावा गुडघा टम्म फुगला, तरी गडी डॉक्टरचं नाव काढू देईना.

"त्याला काय विचारायचं? माझी लेव्हल सांगेल की!"

पाय पसरून त्यानं दोन्ही गुडघ्यांवर फरशीची सपाटी बघायची लेव्हलची पट्टी आडवी ठेवली. आतला बुडबुडा डावीकडे पळाला.

"आठवडाभर फरशीवर सगळा भार उजव्या गुडघ्यावर टाकतो. तरी बुडबुडा मधे आला नाही, तर जाऊ," त्यानं बायकोला शब्द दिला.

आठव्या दिवशी बुडबुडा अगदी मधोमध!

"बघ! उतरली की नाही सूज?" मिस्त्रीनं मिशीला पीळ दिला.

बायकोनं वाकून दोन्ही गुडघे नीट पाहिले.

"अहो, चपला घाला. आता उजवाही फुगलाय."