तीन नंबरच्या खोलीतली हवा

या, जरा जवळ सरका. मांडी घाला नाहीतर पाय पसरा. देव काही आसनं मोजत नाही. आज एका खोलीतल्या हवेची गोष्ट सांगते. हवेची कसली आलीय गोष्ट, म्हणाल. ऐका तर खरं.

आलेखाचा कागद टेबलावर पसरून ताई उभी होती. तिला बसवत नव्हतं. कागदावरची, तीन नंबरच्या खोलीतल्या हवेची रेघ सकाळभर सरळ चालायची, दुपारी एकनंतर बैलाच्या वशिंडासारखी वर उठायची आणि दोनच्या पुढे पुन्हा सपाट व्हायची. सुट्टीचे दिवस सोडले तर रोज हेच.

ताई वनस्पतिशास्त्रज्ञ. संस्थेच्या काचघरात तिच्या तीन बंद खोल्या होत्या, तिन्हींत गहू. पहिल्या दोन खोल्यांत पन्नास वर्षांनी असेल तशी हवा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वाढवलेला. तिसरीत आजची साधी हवा. कार्बन डायऑक्साइड जास्त मिळाला की गहू तरारतो, पण त्या मानानं मातीतला नायट्रोजन उचलत नाही. मग दाण्यातलं प्रथिन घटतं.

"दिसायला भरलेला, आतून पोकळ," काचघराचे माळीकाका म्हणायचे. "आमच्या जावयासारखा."

अशा हवेतही नायट्रोजन नीट उचलेल असा वाण ताईला शोधायचा होता. तीन वर्षं त्यात गेली होती. पण सगळी तुलना तिसऱ्या खोलीशी. आणि दुपारी चढत होता तो तिथलाच कार्बन डायऑक्साइड. तिथलीच हवा बिघडली तर तराजूचा काटाच खोटा.

"तुमचा गहू सुस्कारे टाकायला लागला की काय?" संचालक हसत म्हणाले. पुढचं बोलताना मात्र हसले नाहीत. "गुरुवारी समिती येतेय. कारण सापडलं नाही तर प्रयोग बंद होईल, बाई."

"गळती नाही, सर. यंत्र दोनदा तपासलंय. आत कुणीतरी बसतंय. हा माणसाचा श्वास आहे."

"तुम्ही जाता ना दुपारी?"

"पाच मिनिटं. वहीत वेळ लिहिलेली असते. पाच मिनिटांत एवढं चढत नाही. कुणीतरी चांगलं तासभर बसतंय."

वही खरोखर चोख होती. जेवणाची घंटा एकला व्हायची. ताई फोन खणात टाकायची, काचघराकडे जायची. आत ओलाव्यानं कागद भिजायचा, म्हणून दारातच 'एक पाच ते एक दहा' लिहून टाकायची. मग उपड्या बादलीवर टेकून पानं मोजायची आणि आकडे पाठ करून बाहेर आणायची. पूर्वी ही मोजणी अकराला असे. बाबा गेल्यापासून तिनं ती एकवर आणली. बाबांचा फोन एकला यायचा, "जेवलीस का गं?" एवढंच विचारायला. त्या वेळी हाताला काम असलेलं बरं. भिंतीवरचं घड्याळही तिनं उतरवून कपाटात ठेवलं होतं. टिकटिक डोक्यात जाते म्हणायची.

त्या दिवशीही ती मोजणी करून आपल्या ऑफिसात परतली. टेबलावरच्या चहावर साय धरली होती.

"मावशी, एक दिवस तरी गरम चहा द्या की हो!"

"गरमच देते, ताई," चहावाल्या मावशी कप उचलत पुटपुटल्या.

ताईचं लक्ष नव्हतं. ती येरझाऱ्या घालत होती. तिसऱ्या खोलीच्या किल्ल्या दोनच. एक तिच्याकडे. दुसरी माळीकाकांकडे.

ती तडक काचघरात गेली. काका तीन नंबरच्या दाराशी पाण्याची नळी गुंडाळत होते. सव्वीस वर्षं झाली होती त्यांना इथं, निवृत्तीला सात महिने उरले होते. "यंदाच्या ओंब्या या डोळ्यांनी बघितल्या की मी मोकळा," असं ते दिसेल त्याला सांगायचे.

"काका, दुपारी तीन नंबरमध्ये कोण बसतं?"

काकांचे हात थांबले. काचेतून त्यांनी आतल्या बादलीकडे पाहिलं, मग ताईकडे.

"का? काय झालं?"

"माझा प्रयोग बुडतोय, आणि काय झालं विचारता?"

"बसतं एखादं माणूस," काका हळू म्हणाले. "बाहेर मन लागत नाही. गव्हापाशी बरं वाटतं. गहू काही विचारत नाही."

"म्हणजे तुम्हीच."

काकांनी नळी खुंटीला अडकवली.

"माझं नाव लिहिलं तर प्रयोग वाचेल?"

"कारण सापडलं, दूर केलं, असं सांगता येईल मला."

"मग तसंच लिहा."

तिनं समितीच्या अहवालात काकांचं नाव लिहिलं. रागानं अक्षर वाकडं आलं. दुसऱ्याच दिवशी काकांची बदली गावाच्या दुसऱ्या टोकाच्या बियाणं गोदामात झाली. तिथं नुसती धूळ, आणि काकांना दमा. किल्ली टेबलावर ठेवून ते दारात घुटमळले.

"मधल्या रांगेला पाणी जरा कमी घाला. आणि ताई, वेळेवर जेवत जा."

तिनं मान वर केली नाही.

समितीला कारण पटलं. महिनाभर स्वच्छ आलेख दाखवा, प्रयोग चालू ठेवा, असं ठरलं. ताईला किती दिवसांनी शांत झोप लागली.

सोमवारी घंटा झाली. तिनं फोन खणात टाकला, वहीत एक पाच ते एक दहा लिहिलं, पानं मोजली आणि हलक्या मनानं परत आली. कपाला हात लावला. थंडगार.

"अहो मावशी, आज तरी!"

मावशींनी कप उचलला नाही.

"ताई, मी एकला वाफाळता चहा ठेवते. तुम्ही रोज दोनला बाहेर येता. मागे एकदा हाक मारायला आले होते, तर माळीकाकांनी दारातच अडवलं. म्हणाले, बसू दे तिला, बापाशी बोलतेय."

आज हात जोडाल तेव्हा, बाळांनो, त्या माळ्याची आठवण ठेवा.